"सर्दी बरी झाली की आण"

लसीकरणाच्या दिवशी भाचीच्या बाळाला घेऊन आम्ही एका आरोग्य केंद्राच्या बाकावर नंबर लागण्याची वाट पाहत बसलो होतो. आमच्या पुढे एक तरुण आई होती. तिच्या मांडीवरच्या नऊ महिन्यांच्या बाळाचे नाक वाहत होते आणि मधूनच त्याला शिंक येत होती. पण डोळे टवटवीत होते आणि लसीकरण कार्डाचा कोपरा तोंडात घालण्याची त्याची खटपट अव्याहत चालू होती. आरोग्य सेविकेने ते कार्ड हळूच सोडवून घेतले, तारीख पाहिली, बाळाच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली आणि मायेने म्हणाली, "सर्दी झालीय गं याला. आज नको टोचायला. बरी झाली की घेऊन ये." आईला हायसे वाटल्याचे स्पष्ट दिसले. आज बाळाला रडावे लागणार नाही, एवढेच तिच्या मनात आले असावे. ती निघून गेली, पुढचा नंबर आमचा होता, आमच्या बाळाला लस मिळाली, सगळे व्यवस्थित पार पडले. तरीही नंतर कित्येक दिवस मनात घोळत राहिले ते लस न घेताच परत गेलेले बाळ.

कारण त्या दिवशी त्याला मिळायची होती ती गोवराची लस, आणि साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नाही. किरकोळ ताप, खोकला, थोडेफार जुलाब, चालू असलेली अँटिबायोटिक, कमी वजन, कुपोषण यांपैकी कशासाठीही लसीकरण थांबवायचे नसते. उलट कुपोषित मुलाला गोवर झाला तर तो जिवावर बेतण्याची शक्यता अधिक, म्हणून त्याला लशीची गरजही अधिक. बाळ रुग्णालयात ठेवण्याइतके आजारी असेल किंवा त्याच लशीच्या आधीच्या डोसानंतर तीव्र ॲलर्जी उद्भवली असेल, तर गोष्ट वेगळी. लशीचे वयही कोणी सहज ठरवलेले नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, पहिले काही महिने बाळाला गोवरापासून वाचवतात, आणि तीच लशीचाही परिणाम होऊ देत नाहीत. ती ओसरली की लस लागू पडू लागते आणि त्याच सुमारास बाळ उघडेही पडते. गोवराचा एक रुग्ण, भोवती कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू केला. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा केलेल्या अभ्यासात लशींमुळे वाचलेल्या जिवांचा अंदाज १५ कोटी ४० लाख इतका निघाला, आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा एकट्या गोवराच्या लशीचा होता. एवढा प्रचंड आकडा शेवटी टेबलामागे बसलेल्या एका सेविकेच्या "आज देऊ" किंवा "आज नको" या शब्दांतून साकारत असतो.

दिलेल्या लशीची नोंद होते. मायेने परत पाठवलेल्या बाळाची बहुधा होत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाच्या पुस्तिका लिहिणे हे माझे काम आहे, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर मी त्या सेविकेशी बोलत बसले. तिने सांगितलेले कारण अनपेक्षित होते. सर्दीत लस दिली तर बाळाला अपाय होतो, असे तिला वाटत नव्हते. ती म्हणाली, "ताई, नियम मला माहीत आहे. पण आज टोचले आणि रात्री ताप चढला, तर घरचे म्हणणार लशीनेच चढला. सर्दीचा ताप कोणता आणि लशीचा कोणता, हे मी त्यांना कसे पटवून देऊ? एकदा का नाव खराब झाले, की आजूबाजूची दहा बाळे येत नाहीत." या उत्तराने मी बराच वेळ गप्प झाले. प्रशिक्षणाच्या शेवटी आम्ही जी चाचणी घेतो, तिच्यात "सौम्य सर्दी असलेल्या बाळाला लस द्यावी का?" या प्रश्नापुढे तिने निःसंशय बरोबर खूण केली असती, आणि आमच्या अहवालात तिचे ज्ञान समाधानकारक ठरले असते. कागदावर विचारलेल्या प्रश्नात बाळाची आजी दारात उभी नसते. खऱ्या टेबलापाशी ती असते, आणि तिने काही विचारलेच तर आपल्याला उत्तर देता येईल याची खात्री नसली, की सेविका नियम बाजूला ठेवून सुरक्षित वाटणारा मार्ग धरते. तिला नियम दिला गेला होता. त्या नियमामागचे कारण, आणि ते चार सोप्या वाक्यांत दुसऱ्याला सांगण्याचे बळ, मात्र दिले गेले नव्हते. प्राथमिक स्तरावरच्या कर्मचाऱ्यांच्या लसज्ञानाबद्दल मी जितका विचार करते, तितकी याच जागी येऊन थांबते.

कारण ठाऊक नसल्याने काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शीतसाखळीत, म्हणजे लस टोचेपर्यंत ठरावीक थंडाव्यात ठेवण्याच्या व्यवस्थेत, सापडते. लस उन्हाने, उष्णतेने खराब होते ही भीती कर्मचाऱ्यांच्या मनात इतकी पक्की बसलेली असते, की "जितके थंड तितके चांगले" असा तिचा अर्थ आपोआप लावला जातो. प्रत्यक्षात २ ते ८ अंश सेल्सिअसची खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे. कावीळ ब, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या लशींमध्ये प्रतिकारशक्ती जोमाने जागी व्हावी म्हणून ॲल्युमिनिअमचे क्षार मिसळलेले असतात, आणि लशीचा अंश या क्षारांच्या कणांना चिकटून असतो. ही लस एकदा गोठली की ती रचना मोडते, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि पुन्हा वितळवली तरी लस पूर्ववत होत नाही. टोचणाऱ्याला काही जाणवत नाही, बाळ नेहमीसारखे रडते, कार्डावर तारीख पडते; संरक्षणाचा मात्र भरवसा उरत नाही. म्हणून तर कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड डब्यात, बर्फाचे पॅक थेट फ्रीझरमधून काढून भरायचे नसतात. ते बाहेर ठेवायचे, त्यांच्यावर पाण्याचे थेंब जमू द्यायचे, हातात घेऊन कानाशी हलवायचे, आणि आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच कुप्यांशेजारी ठेवायचे. सत्राच्या दिवशी सकाळी घाई असते, बस किंवा गाडी चुकण्याची धास्ती असते, आणि ज्याला या थांबण्याचे कारण माहीत नाही त्याला तो अर्धा-पाऊण तास निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो.

एका प्रशिक्षणात हीच गोष्ट व्याख्यानाऐवजी हलवून पाहण्याच्या चाचणीतून दाखवली होती. एकाच लशीच्या, एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या दोन कुप्या. त्यातली एक आदल्या रात्री मुद्दाम गोठवून सकाळी वितळवलेली. दोन्ही एका हातात धरून काही सेकंद जोराने हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चांगल्या कुपीतले द्रव एकसारखे दुधाळ राहिले. गोठवलेल्या कुपीत बारीक पापुद्रे तरंगताना दिसू लागले, ते भराभर खाली बसू लागले आणि थोड्याच वेळात तळाशी जाडसर गाळ आणि वर जवळजवळ नितळ पाणी असे दोन थर झाले. मागच्या रांगेतल्या एक ज्येष्ठ सेविका उठून पुढे आल्या, ती कुपी खिडकीच्या उजेडाकडे धरून त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि विचारले, "लस अशी फाटली, तरी लेबलवरचा चौकोन फिकाच कसा?" त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत मला तो सर्वांत मोलाचा वाटला. कुपीवरची ही खूण तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लशीवर १९९६ पासून आली: वर्तुळाच्या आत एक फिका चौकोन, जो साचत गेलेल्या उष्णतेने गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. गोठण्याबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. चौकोन फिका म्हणजे लस उत्तम, असे ज्याने पाठ केले आहे तो गोठलेली लसही निर्धास्तपणे देईल. चौकोन काय मोजतो आणि काय मोजत नाही हे ज्याला कळले आहे, तो थर्मामीटरकडेही पाहील. त्या सेविकेने नोकरीत केव्हातरी मनाशी एक शंका बाळगली असणार, आणि ती विचारण्याची जागा तिला इतक्या वर्षांनी मिळाली, याचा आनंद मानावा की खंत, हे मला ठरवता आले नाही.

पाठ केलेले नियम काहीच कामाचे नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. भुकटीच्या स्वरूपातल्या लशीत ती विरघळवण्यासाठी तिचे स्वतःचे द्रावण मिसळावे लागते, आणि त्या क्षणी विचार करण्यापेक्षा लेबल मोठ्याने वाचण्याची सवयच जीव वाचवते. सीरियात २०१४ मध्ये गोवराच्या लशीत द्रावणाऐवजी ॲट्राक्युरियम हे शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे औषध मिसळले गेले आणि १५ मुले दगावली. दक्षिण सुदानमध्ये २०१७ च्या गोवर लसीकरण मोहिमेत एकच सिरिंज अनेक मुलांसाठी वापरली गेली, लसही थंड ठेवलेली नव्हती, आणि तिथेही १५ मुलांचा जीव गेला. लस देणाऱ्यांना धड प्रशिक्षणच मिळालेले नव्हते. प्रशांत महासागरातल्या सामोआमध्ये २०१८ च्या जुलै महिन्यात दोन बाळे गोवराच्या लशीतल्या सीरियासारख्याच चुकीच्या मिश्रणाने गेली. त्या प्रकरणी दोन परिचारिकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती लस काही महिने थांबवण्यात आली, आधीच कमी असलेले लसीकरण आणखी ढासळले, आणि २०१९ च्या अखेरीस आलेल्या गोवराच्या साथीत सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ जण मरण पावले, त्यांत बहुतेक लहान मुले होती.

सामोआबद्दल वाचताना मला नेहमी दोन्ही बाजूंनी जड जाते. दोन बाळे गेली, त्यांच्या आईबापांपुढे कुठलेही स्पष्टीकरण तोकडे आहे. आणि तरीही लशीच्या फ्रिजमध्ये दुसरे कोणतेही औषध ठेवू नये, द्रावण त्या लशीबरोबरच आणि तितक्याच संख्येने पाठवावे, मिसळण्यापूर्वी दोघांनी लेबल पाहावे, या साध्या गोष्टी एकट्या परिचारिकेच्या हातात नसतात. सुई तिच्या हातात असते म्हणून सगळे उत्तरदायित्वही तिच्याच हातात असते, असे मानणे मला पटत नाही. शिवाय अशा शिक्षांची बातमी जगभरच्या टेबलांपर्यंत पोचते आणि तिथली माणसे त्यातून एकच बोध घेतात: शंका असेल तर टोचू नका. त्या सर्दीच्या बाळाला परत पाठवण्यामागे ही भीतीही कुठेतरी असणारच.

तिसरी एक अडचण आहे, जी पुस्तिकांमध्ये आम्ही एका ओळीत उरकतो. भुकटीपासून तयार केलेली गोवराची किंवा बीसीजीची (क्षयरोगावरची) लस सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते, कारण तिच्यात जंतूंची वाढ रोखणारा घटक नसतो. अनेक डोसांची कुपी एका मुलासाठी फोडली तर बाकीचे डोस वाया जातात, आणि वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यावा लागतो. मग "अजून तीन-चार मुले जमू देत" असे म्हणून एकटे आलेले मूल परत पाठवले जाते. एका मुलासाठीही कुपी फोडायची, हे धोरण लेखी असते; पण वाया गेलेल्या डोसांबद्दल जाब विचारला जात असेल आणि हुकलेल्या मुलाबद्दल विचारला जात नसेल, तर कर्मचारी कोणते ज्ञान खरे मानेल हे सांगायला नको. माणूस वरिष्ठांच्या भाषणापेक्षा त्यांच्या प्रश्नांवरून अधिक शिकतो.

लस देणे हे जितके हाताचे काम आहे तितकेच बोलण्याचे. आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे, पुढची लस केव्हा, आणि कार्ड जपून ठेवा व पुढच्या वेळी घेऊन या: हे चार निरोप प्रत्येक आईला द्यायचे असतात. गर्दीत त्यातले शेवटचे दोन उरतात, कारण ते कार्डावर लिहिता येतात. गळतो तो दुसरा, आणि नेमक्या त्याच्या अभावानेच घरोघरी लशीबद्दल किंतू निर्माण होतो. बीसीजीचेच पाहा. टोचल्यावर काही आठवड्यांनी त्या जागी पुटकुळी येते, ती फुटते, थोडे पाणी किंवा पू येतो आणि व्रण राहतो. हे आधी सांगितले नसेल तर घरच्यांना वाटते की सुई दूषित होती. मग कोणी मलम लावते, कोणी बाळाला घेऊन धावत येते, कोणी पुढच्या लशीलाच येत नाही. हेच एका वाक्यात आधी सांगितले असेल, तर तोच व्रण सेविकेच्या शब्दाचा पुरावा ठरतो. व्रण उमटला नाही तर लस पुन्हा द्यायची गरज नसते, हेही तिला ठाऊक हवे, कारण त्याचीही चौकशी होते. तसेच उशिरा आलेल्या मुलाचे. दोन डोसांमध्ये ठरल्यापेक्षा जास्त अंतर पडले, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे जायचे असते. हे माहीत नसलेला कर्मचारी उशिरा आलेल्या आईला आधी रागावतो, मग पुन्हा सगळ्या सुया सुरू करण्याची भीती घालतो, आणि ती आई पुन्हा कधी दिसत नाही.

आणि सेविकेची स्वतःची शंका? तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. आरोग्य कर्मचारी हाही त्याच घरांतून, त्याच गप्पांतून आणि फोनवर फिरणाऱ्या त्याच निरोपांतून आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत लशीबद्दलच्या कचरण्याचा समावेश केला, तेव्हाच हेही नमूद केले होते की लशीच्या निर्णयात लोकांचा सर्वाधिक विश्वास आजही आरोग्य कर्मचाऱ्यांवरच असतो. ज्याच्या शब्दावर एवढा भार आहे त्याच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्याने शंका व्यक्त केली तर ती शिस्तभंगासारखी पाहिली जाते. देवीच्या रोगाचा निसर्गतः झालेला जगातला शेवटचा रुग्ण, सोमालियातल्या मेर्का शहराचा अली माओ मालिन, हा रुग्णालयात स्वयंपाकी होता. लस त्याच्या रोजच्या वावराच्या जागेत होती, पण टोचण्याच्या वेदनेच्या भीतीने त्याने ती चुकवली होती. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये देवीच्या रुग्णांच्या गाडीत तो वाट दाखवण्यासाठी काही मिनिटेच बसला, आणि तेवढे पुरले. त्याला ताप आला तेव्हा आधी हिवताप समजला गेला, मग कांजिण्या. देवीचे उच्चाटन अखेरच्या टप्प्यात असताना, रुग्णालयातल्याच माणसाला लस मिळालेली नव्हती आणि त्याचा आजारही लगेच ओळखला गेला नाही. मालिन बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत काम करू लागला. लस नाकारणाऱ्या आईबापांना तो आपलीच कथा सांगे, आपण केले तसे करू नका म्हणे. २०१३ मध्ये त्याच कामावर असताना हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. स्वतःची भीती उघडपणे सांगणारा माणूस दुसऱ्याच्या भीतीपाशी किती सहज पोचतो, हे मला त्याच्याकडे पाहून कळते.

म्हणून पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत मी एक बदल सुचवला आहे, आणि तो मान्य व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पर्यवेक्षक महिन्याच्या भेटीत नोंदवही, थर्मामीटरची सकाळ-संध्याकाळची नोंद आणि शिल्लक डोस तपासतात. ते तपासायलाच हवे. त्यासोबत त्यांनी एक प्रश्न विचारावा: या महिन्यात लोकांनी विचारलेल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता आले नाही? उत्तर न येणे हा दोष धरायचा नाही, आणि "मला माहीत नाही, विचारून सांगते" हे वाक्य आईसमोर म्हणण्याची तिला मुभा असावी. नमुन्यादाखल मी सेविकांकडूनच काही प्रश्न गोळा केले. एकीला विचारले गेले होते की गोवराच्या लशीनंतर आठव्या दिवशी बाळाला ताप आणि पुरळ आले, म्हणजे लशीने गोवरच दिला का? लशीतला विषाणू जिवंत पण क्षीण केलेला असतो, तो शरीरात थोडासा वाढतो, आणि पाचव्या ते बाराव्या दिवसांत काही बाळांना हलका ताप व पुरळ येऊन आपोआप जाते. पण त्याच सुमारास आजूबाजूला गोवराची साथ असेल, तर डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्यायची. दुसरीचा प्रश्न होता, की कावीळ ब ची लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आतच का, महिन्याभराने का नाही? आईच्या शरीरात तो विषाणू असेल तर तो बाळाला बहुधा प्रसूतीच्या वेळीच लागतो, तान्हेपणी झालेला हा संसर्ग दहातल्या नऊ बाळांत कायमचा ठाण मांडून राहतो, आणि ते रोखण्यासाठी लस विषाणूच्या पाठोपाठ लगेच पोचावी लागते. तिसरीने सर्दीबद्दलच विचारले होते. तिच्यासाठी मी उत्तर लिहिले ते असे, की आईला लस देण्यापूर्वीच सांगावे: "सर्दी आधीपासून आहे, ती तिच्या गतीने बरी होईल. या लशीने ताप आलाच तर तो बहुधा आठवड्याभराने येईल. आज-उद्या ताप चढला तर तो सर्दीचा असण्याची शक्यता जास्त आहे. बाळ दूध पिईनासे झाले, मलूल पडले किंवा श्वास जोरात घेऊ लागले, तर रात्र असली तरी घेऊन या." हे उत्तर आम्ही आता काही सेविकांना मोठ्याने म्हणून पाहायला सांगत आहोत, आणि त्यांच्या तोंडी जे शब्द अडखळतात ते बदलत आहोत.